करणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा

वस्तू घडवण्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. घडवलेली वस्तू मोडल्यावर तिचे काय झाले, ह्याचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिलेला नाही. सिंधुदुर्ग कोणी बांधला हे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. लाटांनी हलवलेले त्याच्या तटाचे चिरे पुढे कोणी बसवले, हे विचारीत नाही. यंत्राचा शोध लावणाऱ्याचे नाव पुस्तकात येते. ते बंद पडल्यावर चालू करणाऱ्याचे येत नाही. आज ह्या व्याख्यानमालेत आम्ही ज्या विषयाला हात घालीत आहोत तो ह्या उपेक्षित इतिहासातला आहे, आणि त्याचे निमित्त अगदी आजचे, घरोघरचे आहे. लॅपटॉप बिघडतो आणि तो घेऊन कोणाच्या दारात जावे हे कळत नाही, हे ते निमित्त होय.

आपल्या जिल्ह्यात लॅपटॉप आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. देवगडचा बागायतदार हापूसची मागणी त्यावर नोंदवतो, तारकर्ली-देवबागची घरगुती निवासस्थाने पर्यटकांचे आरक्षण त्यावर घेतात, सेतू केंद्रातला मुलगा दाखल्यांचे अर्ज त्यावर भरतो. 2020 च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा तर कित्येक घरांनी ऐपतीबाहेर जाऊन मुलांसाठी हे यंत्र घेतले. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे त्या घरात तो बंद पडणे म्हणजे परीक्षा, अर्जाची मुदत किंवा महिन्याची कमाई बुडणे होय.

अशा यंत्राची तक्रार साधारणतः एकाच वाटेने जाते. वर्षभर यंत्र बरे चालते. मग एके सकाळी त्याचा पडदा उजळत नाही. टोल फ्री क्रमांकावर बराच वेळ संगीत ऐकल्यानंतर तक्रारीचा क्रमांक मिळतो. त्या कंपनीचे अधिकृत सर्व्हिस सेंटर कुडाळास किंवा सावंतवाडीस निघाले तर बरे. नाहीतर घाट चढून कोल्हापूर, अथवा पत्रादेवीची हद्द ओलांडून पणजी. तेथे यंत्र ठेवून घेतात आणि जॉब शीट हातात देतात. आठ-पंधरा दिवसांनी कळते, की मदरबोर्ड गेला आहे, त्यावर ओलाव्याचे डाग दिसतात, सबब हे काम वॉरंटीत बसत नाही. नव्या मदरबोर्डची किंमत ऐकून गिऱ्हाईक विचारात पडते, की त्यापेक्षा नवा लॅपटॉपच का घेऊ नये? सर्वांचाच अनुभव असा येतो असे नव्हे. घरी माणूस पाठवून दोन दिवसांत सुटा भाग बदलून देणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि त्यांचे नाव लोक आठवणीने घेतात. परंतु ते आठवणीने घ्यावे लागते, ह्यातच सर्वसाधारण अनुभव कसा आहे ते आले.

ह्या तक्रारीकडे केवळ एखाद्या कंपनीची बेपर्वाई म्हणून पाहिल्यास तिचे मूळ सापडणार नाही. आमच्या मते इतिहासाला येथे दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पहिला, वस्तू मोडली तर तिचा भार कोणाच्या माथी? आणि दुसरा, ती सावरण्याची साधने, म्हणजे ज्ञान, सुटे भाग आणि हात, कोणाच्या ताब्यात? ज्याच्या माथी भार त्याच्याच ताब्यात साधने, अशी सांगड जोवर होती तोवर वस्तू मोडत होत्या, पण माणूस असहाय होत नव्हता. ही सांगड केव्हा आणि कशी सुटली, हे पाहणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

जहाज आणि नांगर

मालवणचा किनारा हा मुळातच डागडुजीवर जगलेला किनारा आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला, तो आरमाराला आधार म्हणून. लाकडी जहाजाची प्रकृती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ह्याचे मर्म सहज कळेल. जहाज पाण्यात उतरले त्या दिवसापासून त्याचा क्षय सुरू होतो. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड पोखरतो, उन्हाने सांधे उलतात, खिळे गंजतात. सांध्यांत कापूस आणि राळ पुन्हा पुन्हा ठासावी लागते, बुडाला तेल पाजावे लागते, कुजलेली फळी काढून नवी बसवावी लागते. आरमार राखणे म्हणजे नुसती जहाजे बांधणे नव्हे. बांधलेली जहाजे तरती ठेवणे होय.

आपल्या पूर्वजांना हे पुरते ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिले. त्यातील आरमाराच्या प्रकरणात लढाईइतकाच विचार लाकडाचा आणि पैशाचा केला आहे. जहाजांसाठी कोणते लाकूड तोडावे, आंबा-फणसासारखी रयतेने लेकरांप्रमाणे वाढवलेली झाडे का तोडू नयेत, आरमाराच्या खर्चाला मुलखाचे कायम उत्पन्न का लावून द्यावे, ह्या गोष्टी तेथे आल्या आहेत. विजयदुर्गाजवळ वाघोटण खाडीच्या काठी आंग्र्यांच्या काळातली खडकात खोदलेली गोदी आजही दिसते. सुमारे 355 फूट लांब आणि 227 फूट रुंद अशी ती आहे. एवढा खडक खोदण्याचे कष्ट ज्यांनी घेतले त्यांना नौकेची देखभाल ही राज्याची गरज वाटत होती, हे उघड आहे. आणि जो सुतार नवी नौका बांधी तोच जुनीची फळी बदली. घडवण्याची विद्या आणि सुधारण्याची विद्या ह्या दोन नव्हत्या.

साध्या मच्छीमाराची गोष्ट ह्याहून निराळी नव्हती. पावसाळ्यापूर्वी होडी किनाऱ्यावर ओढून ती शाकारून ठेवायची, नारळी पुनवेआधी तिची डागडुजी करायची, रापणीचे फाटलेले जाळे सर्वांनी बसून सांधायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. होडी फुटली तर नुकसान मालकाचे. पण ती सावरणारा सुतार हाकेच्या अंतरावर, लाकूड रानात, आणि कामाची निम्मी माहिती स्वतः मालकालाच.

शेतीच्या अवजारांसाठी देशावर बलुत्याची पद्धत होती; कोकणात ती तितकी घट्ट नसली, तरी तिचे तत्त्व येथेही अपरिचित नव्हते. सुताराला आणि लोहाराला प्रत्येक दुरुस्तीचे दाम वेगळे मिळत नसे. वर्षाच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी धान्याचा वाटा मिळे. आज कचेऱ्यांमध्ये ज्याला वार्षिक देखभालीचा करार म्हणतात, त्याचे हे जुने रूप म्हणावे लागेल. त्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नांगर वारंवार मोडला तर लोहाराचे उत्पन्न वाढत नव्हते, काम तेवढे वाढत होते; म्हणून नांगर टिकावा असे त्यालाही वाटे. ही व्यवस्था जातीच्या जोखडावर उभी होती, आणि कसबी माणसाला तिने मान किंवा मोकळीक कधी दिली नाही. तेव्हा तिचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. तथापि मोबदल्याची रचना कशी केली असता दुरुस्त करणाऱ्याचे हित वस्तूच्या टिकाऊपणाशी जोडले जाते, एवढे तिच्यापासून शिकण्यासारखे आहे.

यंत्र परके, हात आपला

यंत्रयुग आले आणि ही सांगड सुटली, असे समजणे सोपे आहे; पण ते खरे नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या किनाऱ्यावरच्या नौकांना डिझेलची इंजिने बसू लागली. ती येथे घडलेली नव्हती. परंतु इंजिन पान्याने उघडत असे, आत काय हलते ते डोळ्यांना दिसत असे, आणि झिजलेला भाग कंपनीकडून आला नाही तर लेथवर करून घेता येत असे. दहा-वीस वर्षांत प्रत्येक बंदरात इंजिन खोलून जोडणारे मेकॅनिक तयार झाले. त्यांतल्या बहुतेकांनी कोणत्याही कारखान्याचे तोंड पाहिले नव्हते. शिवणयंत्र, सायकल, रेडिओ ह्यांची कथा हीच. वस्तू परमुलखातून आली तरी तिची दुरुस्ती गावात रुजली, कारण वस्तू उघडता येत होती आणि उघडणाऱ्याला कोणी अडवीत नव्हते.

मग संगणकाच्या बाबतीतच निराळे का घडले? ह्यासाठी आपल्याला मालवणचे बंदर सोडून थोडा दूरचा प्रवास करावा लागेल.

भाड्याचे यंत्र

आरंभीचे मोठे संगणक बहुधा विकले जात नसत. ते भाड्याने दिले जात. अमेरिकेतील आयबीएम ही कंपनी ह्या व्यवसायात सर्वांत बलाढ्य होती. यंत्र तिच्या मालकीचे, भाडे गिऱ्हाइकाने द्यायचे, आणि यंत्र बंद पडले तर कंपनीचा अभियंता येऊन ते चालू करणार. येथे भारही करणाऱ्याच्या माथी होता आणि साधनेही त्याच्याच हाती होती. सांगड शाबूत होती. फक्त ती गिऱ्हाइकाच्या घरातून उठून कंपनीच्या घरात गेली होती. मक्तेदारीचा धोका अर्थातच त्यात होता. म्हणून 25 जानेवारी 1956 रोजी अमेरिकन सरकारने खटल्याच्या तडजोडीत आयबीएमवर बंधने घातली. यंत्रे भाड्याने देतेस तशी विकलीही पाहिजेत. आणि स्वतंत्रपणे दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग व तांत्रिक माहिती वाजवी अटींवर दिली पाहिजे. आज ज्याला दुरुस्तीचा हक्क म्हणून नवी मागणी समजतात, ती संगणकाच्या क्षेत्रात इतकी जुनी आहे.

भारतात ह्या कथेला एक वेगळेच वळण लागले. 1960 नंतरच्या दशकात आपल्या देशात आयबीएमची 1401 जातीची यंत्रे आली. परदेशात वापरून झालेली यंत्रे डागडुजी करून येथे भारी भाड्याने दिली जातात, अशी टीका पुढे संसदीय समितीपर्यंत गेली. 1973 च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना येथील आपला हिस्सा 40 टक्क्यांपर्यंत उतरवण्यास सांगितले. आयबीएमने ते मानले नाही, आणि 1978 मध्ये तिने भारतातून काढता पाय घेतला. तेव्हा केंद्रात जनता पक्षाचे सरकार होते. उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते, आणि ज्या राजापूर मतदारसंघात मालवण येत होते त्याचे खासदार प्रा. मधु दंडवते त्याच मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री होते.

कंपनी गेली, यंत्रे राहिली. देशभरातील त्या शेकडो यंत्रांची निगा कोण राखणार? ह्या प्रश्नाची तजवीज आधीच झाली होती. 1975 मध्ये केंद्र सरकारने एक कंपनी स्थापन केली होती, आणि तिचे नावच मुळी ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ असे होते. पुढे ती सीएमसी ह्या आद्याक्षरांनी ओळखली गेली. आयबीएममधून मोकळे झालेले कित्येक अभियंते तिने घेतले आणि परक्याने मागे ठेवलेली यंत्रे चालू ठेवली. तिचे काम एकाच बनावटीच्या यंत्रांपुरते नव्हते. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे ती सांभाळीत असे. 2001 मध्ये ती टाटा समूहाकडे गेली आणि 2015 मध्ये टीसीएसमध्ये विलीन झाली. आज तिचे नाव फारसे कोणाला आठवत नाही. पण तिने एक गोष्ट सिद्ध केली. करणारा दूर गेला, इतकेच काय, त्याने देश सोडला, तरी ज्ञान आणि माणसे हाताशी असतील तर संगणक चालू राहू शकतो.

यंत्र मांडीवर आले

ह्यानंतर यंत्र लहान होत गेले आणि त्याच्याबरोबर व्यवहारही बदलला. 1981 मध्ये ऑसबोर्न हा हातात धरून नेण्याजोगा संगणक बाजारात आला. त्याचे वजन सुमारे 11 किलो होते. 1985 मध्ये तोशिबाने मांडीवर मावणारा संगणक आणला. आपल्या देशात 1984 च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली झाली, 1991 नंतर ती उघडली, आणि पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार संगणकावरची जकातही गेली. किंमत उतरली आणि यंत्र सामान्य घरात पोहोचले. हे मोठे काम झाले, ह्यात शंका नाही.

परंतु ह्याच काळात मालकी गिऱ्हाइकाकडे आली आणि मालकीबरोबर मोडण्याचा भारही आला. भाड्याच्या यंत्राची चिंता कंपनी वाहात होती. विकत घेतलेल्या यंत्राची चिंता घेणाऱ्याने वाहायची. ह्या भाराच्या बदल्यात त्याला एक कागद मिळाला. त्याचे नाव वॉरंटी. एक वर्षापर्यंत करणारा काही अटींवर भार उचलील, त्यानंतर नाही. मात्र भार गिऱ्हाइकाकडे आला तशी साधने आली नाहीत. यंत्र पातळ करण्याच्या चढाओढीत मेमरी मदरबोर्डला कायमची डाखली गेली, बॅटरी गोंदाने चिकटवली गेली, नेहमीच्या पेचकसाला न लागणारे स्क्रू आले. मदरबोर्डचा नकाशा कंपनीच्या कपाटात राहिला. दोन रुपयांचा घटक जळला तरी अख्खा मदरबोर्ड बदलायचा, ही सर्व्हिस सेंटरची रीत झाली; कारण तेथल्या कामगाराला बदलण्यापुरतेच शिकवलेले असते, सुधारण्यापुरते नव्हे. येथे ती जुनी सांगड सुटली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सर्वच कंपन्यांनी हा मार्ग धरला नाही. आयबीएमने 1992 मध्ये काढलेल्या आणि 2005 मध्ये लेनोवोकडे गेलेल्या थिंकपॅड मालिकेची दुरुस्ती-पुस्तिका कोणालाही वाचता येते. कोणता स्क्रू कोणत्या क्रमाने काढावा हे त्यात चित्रांसह दिलेले असते. तेव्हा पातळपणा आणि स्वस्ताई ह्यांसाठी दुरुस्तीचा बळी देणे अटळच होते, असे म्हणता येत नाही.

आपल्या किनाऱ्याची आणखी एक अडचण आहे. जून उजाडला, की बरणीतले मीठ पाणी धरते, हे येथल्या प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली, की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळू लागते. लॅपटॉपचा पंखा जी हवा आत ओढतो तिच्याबरोबर समुद्रावरचे सूक्ष्म मीठही आत जाते आणि मदरबोर्डवर बसते. पावसाळ्यात त्याच मिठाचा ओला थर होतो, तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात, आणि जेथे वीज जाऊ नये तेथे ती जाऊ लागते. ह्यात गिऱ्हाइकाने कपभर चहा सांडलेला नसतो. त्याने फक्त मालवणात राहण्याचा अपराध केलेला असतो. त्यातच विजेचा दाब वरखाली होतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ ह्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा तर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. बहुतेक हमीपत्रांतून ओलावा, गंज आणि विजेचा दाब ही कारणे वगळलेली असतात. म्हणजे ज्या कारणांनी येथे यंत्र बिघडते, नेमकी तीच कारणे हमीच्या बाहेर राहतात.

नशीब की दोष?

लॅपटॉप किती वेळा बिघडतो? 2009 मध्ये अमेरिकेतील स्क्वेअरट्रेड ह्या कंपनीने 30 हजारांहून अधिक लॅपटॉपांच्या नोंदी तपासून सांगितले, की तीन वर्षांत त्यांपैकी 31 टक्के निकामी झाले: सुमारे 20 टक्के यंत्रातल्या बिघाडाने आणि सुमारे 11 टक्के अपघाताने. ही कंपनी स्वतःच वाढीव वॉरंटी विकणारी होती, तेव्हा तिचे आकडे सावधपणेच घ्यावेत. तरीही बिघाड हा अपवाद नव्हे, एवढे त्यांवरून कळते.

ह्याहून उद्बोधक इतिहास आहे तो सामुदायिक दोषांचा. ऑगस्ट 2006 मध्ये डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या 41 लाख बॅटऱ्या परत बोलावल्या, कारण त्या तापून पेट घेऊ शकत होत्या. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने जाहीर केले, की तिच्या काही चित्रप्रक्रिया-चिपांची जोडणी सदोष निघाली आहे. अनेक नामांकित कंपन्यांच्या लॅपटॉपांत त्या चिपा बसवलेल्या होत्या, आणि त्याआधी कितीतरी मालकांना ‘तुम्ही यंत्र फार तापवले’ असे ऐकून घ्यावे लागले होते. अ‍ॅपलने 2015 पासून बसवलेल्या पातळ कळफलकाच्या कळा धुळीच्या कणाने अडकू लागल्या. जून 2018 मध्ये कंपनीने तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची योजना काढली, आणि 2022 मध्ये 5 कोटी डॉलरांवर खटल्याची तडजोड झाली.

ह्या तिन्ही घटनांतून एकच धडा मिळतो. एकट्याने पाहिले तर बिघाड हे आपले नशीब वाटते. तोच बिघाड हजार जणांनी एकत्र मांडला, की तो करणाऱ्याचा दोष ठरतो. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर प्रत्येक गिऱ्हाईक एकटे उभे असते. सगळ्या तक्रारींची बेरीज फक्त कंपनीजवळ असते. ती बेरीज गिऱ्हाइकांच्या हाती आली, की पारडे फिरते.

कायद्याने काय दिले?

आपल्याकडे ही बेरीज करण्याचे काम प्रथम महाराष्ट्राने हाती घेतले, ह्याचा आपल्याला अभिमान असला पाहिजे. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी ह्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्यापूर्वी गिऱ्हाइकाला आधार होता तो 1930 च्या माल विक्री कायद्याचा. वस्तू सांगितलेल्या कामास योग्य असावी, अशी गर्भित अट काही परिस्थितीत त्यात होती. पण मूळ सूत्र ‘घेणाऱ्याने जपून घ्यावे’ हेच होते, आणि दिवाणी न्यायालयाची पायरी चढण्याचा खर्च वस्तूच्या किमतीहून अधिक येई. 24 डिसेंबर 1986 रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला मान्यता मिळाली आणि वस्तूतला दोष व सेवेतली त्रुटी ह्यांच्या दादीसाठी जिल्ह्याजिल्ह्यात मंच आले.

तरीही दूरच्या गिऱ्हाइकाची अडचण उरलीच. 1986 च्या कायद्याप्रमाणे तक्रार करायची ती सामनेवाला जेथे धंदा करतो किंवा तक्रारीचे कारण जेथे घडले तेथे. 2019 चा नवा कायदा जुलै 2020 मध्ये अमलात आला आणि त्याने ही गाठ सोडवली. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा कामधंदा करतो तेथेच त्याला तक्रार करता येते. मुंबईत घेतलेल्या लॅपटॉपची तक्रार मालवणचा रहिवासी आपल्या जिल्हा आयोगाकडे, सिंधुदुर्गनगरीस, करू शकतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. वस्तूची तपासणी प्रयोगशाळेकडून करवून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. तीन महिन्यांत, आणि अशी तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल व्हावा असे कायदा सांगतो. व्यवहारात पुष्कळदा उशीर होतो. दादीचे अंतर अशा रीतीने कमी झाले.

पण दाद म्हणजे दुरुस्ती नव्हे. आयोग पैसे परत देववील, नुकसानभरपाई देववील. परंतु परवा ज्या मुलाची परीक्षा आहे त्याला आज चालू लॅपटॉप हवा असतो. त्यासाठी सुटे भाग आणि माहिती मोकळी झाली पाहिजे. ह्या दिशेने आपल्या देशात एक पाऊल मोटारींच्या बाबतीत पडले. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड केला. स्वतंत्र गॅरेजांना सुटे भाग आणि माहिती न देणे हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर होय, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे त्यावर अपिले झाली; पण तत्त्व मांडले गेले. जुलै 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्या विषयाचे संकेतस्थळ सुरू झाले. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर तो दुरुस्तीला किती सोपा आहे ह्याचे दहापैकी गुण छापावे लागू लागले. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा अद्याप झालेला नाही. निकामी यंत्राच्या कचऱ्याची जबाबदारी कंपनीवर टाकणारे नियम मात्र झाले आहेत. म्हणजे यंत्राच्या अंत्यविधीची सोय झाली. औषधोपचाराची व्हायची आहे.

आपल्या हाती काय?

इतिहासाने एवढे दाखवले, की दुरुस्ती करणाऱ्या हाताला तीन गोष्टी लागतात: उघडता येणारी वस्तू, मिळणारा सुटा भाग आणि मोकळे ज्ञान. पहिल्या दोन गोष्टींसाठी कायदा हवा आणि त्यासाठी दिल्लीपर्यंत आवाज पोहोचवावा लागेल. तिसरीची सुरुवात मात्र येथेच करता येईल. आपल्या जिल्ह्यात औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तंत्रनिकेतन आहे. ज्या किनाऱ्याने डिझेल इंजिन खोलणारे मेकॅनिक कारखान्यावाचून तयार केले, त्या किनाऱ्यावरच्या मुलांना मदरबोर्डवरचा गंज साफ करणे, जळालेला घटक शोधणे आणि तो बदलणे शिकवणे अशक्य नाही. कुडाळ-कणकवलीच्या बाजारात लहान दुकान मांडून हे काम करणारी मुले आजही आहेत. कंपनी त्यांना अनधिकृत म्हणते; गिऱ्हाइकाच्या दृष्टीने आंग्र्यांच्या गोदीवरील सुताराचे वारस तेच आहेत. त्यांच्यापैकी कोणी फसवतो, नकली भाग घालतो, हेही खरे. पण त्यावरचा उपाय त्यांना ज्ञान आणि अस्सल भाग नाकारणे हा नसून ते देणे हा आहे.

दुसरे काम बेरजेचे आहे, आणि ते आम्ही गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांना सुचवू इच्छितो. प्रत्येक वाचनालयाने एक नोंदवही ठेवावी. ज्याचे यंत्र बिघडले त्याने त्यात यंत्राची जात, खरेदीची तारीख, बिघाड, सर्व्हिस सेंटरने दिलेले उत्तर आणि लागलेले दिवस लिहावेत. शिव्या लिहू नयेत, तारखा लिहाव्यात. वर्षअखेर ह्या वह्या एकत्र केल्या, की खाऱ्या हवेत कोणते यंत्र टिकते, कोणती कंपनी शब्द पाळते, आणि ‘ओलाव्याचा डाग’ हे कारण कितीदा पुढे केले जाते, हे आपल्याला कळेल. घेणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. ग्राहक पंचायतीला आणि आयोगाला पुरावा मिळेल.

तोपर्यंत प्रत्येकाने आपल्यापुरते काही पथ्य पाळावे. खरेदीपूर्वी सर्व्हिस सेंटर किती दूर आहे, माणूस घरी येणार की यंत्र आपण न्यायचे, बॅटरी आणि मेमरी बदलता येते की नाही, हे किमतीइतक्याच बारकाईने विचारावे. बिल जपावे. यंत्र देताना त्याची छायाचित्रे घ्यावीत, जॉब शीटवर बिघाड स्पष्ट लिहून घ्यावा, तोंडी उत्तरावर न थांबता लेखी मागावे. माहितीची एक प्रत निराळी ठेवावी. कारण मदरबोर्डची भरपाई मिळेल, पण चार वर्षांच्या हिशेबाची किंवा प्रबंधाची मिळणार नाही. पावसाळ्यात यंत्र उघड्या खिडकीशी ठेवू नये. आणि दाद मागायची वेळ आली तर 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून आरंभ करावा व दोन वर्षांची मुदत विसरू नये.

वस्तू मोडणे हा तिचा धर्म आहे. त्याबद्दल रागावण्यात अर्थ नाही. राग यावा तो ह्याचा, की मोडण्याचा सारा भार एकाकडे आणि सावरण्याची सारी साधने दुसऱ्याकडे अशी वाटणी होऊन बसली आणि आपण ती मुकाट्याने मान्य केली. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही. ती गेल्या चाळीस वर्षांतल्या व्यापाराने केली आहे. माणसांनी केलेली वाटणी माणसांना बदलता येते, आणि ती बदलण्यास आरंभ करायचा तर आपला किनारा त्याला अपात्र नाही.